निळा खडा नीलमच आहे, हे कशावरून?

पांढऱ्या कागदावर एक खडा ठेवलाय. पाऊण कॅरटला किंचित कमी, गोल पैलूंचा, जांभळट झाक असलेला सुरेख निळा. ज्या पुडीतून तो निघाला तिच्यावर शाईने एकच शब्द लिहिलाय: नीलम. लिहिणाऱ्याने लबाडी केली असेलच असं नाही. निळा, पारदर्शक, झळाळणारा खडा समोर आला की हात आपसूक तेच नाव लिहितो.

पण निळेपणा ही कुणा एकाची मिरास नाही. नीलमाला निळा रंग येतो तो लोह आणि टायटॅनियमच्या जोडीमुळे, टांझानाइटला व्हॅनेडियममुळे, काही निळ्या स्पिनेलला कोबाल्टमुळे, पाराइबा टूर्मलीनला तांब्यामुळे आणि निळ्या हिऱ्याला बोरॉनमुळे. या सगळ्यांच्या पुड्या एका टेबलावर उघडल्या, तर नुसत्या डोळ्यांनी त्यांची नावं सांगायला मी तरी धजणार नाही. खडा ओळखायचा असेल, तर रंग थोडा वेळ बाजूला ठेवून प्रकाश त्याच्या आत गेल्यावर काय करतो ते पाहावं लागतं.

प्रकाश हवेतून खड्यात शिरताना मंदावतो आणि वाकतो. किती वाकतो त्याचा आकडा म्हणजे अपवर्तनांक. तो मोजायचं उपकरण, रिफ्रॅक्टोमीटर, तळहाताएवढं असतं. त्याच्या काचेच्या लोलकावर एका खास द्रवाचा अगदी बारीक थेंब टाकायचा, त्यावर खड्याचा सर्वांत मोठा सपाट पैलू, म्हणजे टेबल, टेकवायचा आणि पिवळ्या प्रकाशात डोळा लावायचा. आत एक मोजपट्टी दिसते. तिचा काही भाग काळोखा असतो, काही उजळ. दोघांच्या सीमेवरची सावलीची रेघ ज्या आकड्यावर असेल, तो आपला अपवर्तनांक.

आपल्या खड्याची रेघ १.७५७ वर आहे.

नीलमाचे आकडे १.७६२ आणि १.७७०. फरक पाच हजारांशाचा. उपकरण जरा जुनं असेल, थेंब जास्त पडला असेल, डोळा तिरका लागला असेल, अशी कारणं मनात लगेच तयार होतात, आणि 'नीलम' ही पुडी पुन्हा बंद होते. मला हीच जागा सगळ्यांत धोक्याची वाटते. आकडा खोटं बोलत नाही, पण तो पुरतं बोलायच्या आधीच आपण त्याला थांबवतो.

थांबवायचं नाही म्हणजे काय करायचं? खडा आहे तिथेच, लोलकावर, बोटाने हळूहळू फिरवायचा. अनेक स्फटिक प्रकाशाचे दोन भाग करतात आणि दोघांना वेगवेगळ्या वेगाने पुढे धाडतात. याला द्विअपवर्तन म्हणतात. अशा खड्याच्या मोजपट्टीवर दोन रेघा दिसतात. नीलम फिरवला की एक रेघ १.७७० वर ठाम राहते, दुसरी तिच्या खाली १.७६२ पर्यंत ये-जा करते. दोघींमधलं अंतर ०.००८ च्या पलीकडे सहसा जात नाही. आपला खडा फिरवला, तर १.७५७ ची रेघ जागची हलत नाही. मात्र तिच्यातून दुसरी एक रेघ सुटते आणि वर सरकू लागते. १.७६, १.७७, १.७८... आणि मग नाहीशी होते. आणखी फिरवलं की वरून पुन्हा खाली येते आणि पहिलीला भेटते.

ती गेली कुठे? उत्तर त्या थेंबात आहे. रिफ्रॅक्टोमीटरचा द्रव डायआयोडोमिथेनमध्ये गंधक वगैरे विरघळवून केलेला असतो आणि त्याचा स्वतःचा अपवर्तनांक साधारण १.७९ ते १.८१ असतो. त्याच्यापेक्षा वरचं काही हे उपकरण दाखवूच शकत नाही. आपल्या खड्याचा वरचा आकडा १.८०४ आहे. म्हणून १.७९ चा द्रव वापरला असेल, तर दुसरी रेघ मोजपट्टीच्या टोकाजवळ जाऊन दिसेनाशी होते. एखाद्याने खडा नेमका त्या स्थितीत ठेवून एकदाच वाचन घेतलं, तर त्याला एकच रेघ दिसेल, १.७५७ वर, आणि तो गडी नीलमाच्या जवळपासचा निष्कर्ष काढून मोकळा होईल. दुसरा कुणी एकच रेघ पाहून म्हणेल, हा एकेरी अपवर्तनाचा खडा, म्हणजे जस्त जास्त असलेला निळा स्पिनेल असावा. दोघंही चुकतील, आणि दोघांच्याही वहीत लिहिलेला आकडा बरोबर असेल.

खालची रेघ १.७५७ वर अचल, वरची १.८०४ पर्यंत जाणारी, मधलं अंतर ०.०४७. नीलमाच्या जवळजवळ सहापट. हे गुण जुळतात ते बेनिटोइट नावाच्या दुसऱ्याच एका निळ्या खनिजाशी.

हे अंतर इतकं मोठं आहे की उपकरण नसलं तरी ते पकडता येतं. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्यायचं, खड्याच्या टेबलमधून आत, थेट तळाच्या पैलूंच्या कडांकडे पाहायचं. नीलमात प्रत्येक कड एकच स्वच्छ रेघ दिसते. बेनिटोइटमध्ये कडांच्या जोड्या दिसतात, जणू छपाई करताना कागद जरासा सरकला होता. एकदा हे पाहिलं की विसरत नाही. मात्र एक दिशा अशी असते की तिथून पाहिलं तर काहीच दुहेरी दिसत नाही. ती दिशा म्हणजे प्रकाशीय अक्ष. तेव्हा एकाच बाजूने पाहून 'दुहेरी नाही' असा निकाल देऊ नये. खडा चिमट्यात फिरवून दोन-तीन दिशांनी पाहावा.

या साध्या निरीक्षणाची ताकद सांगायला एक गोष्ट आवर्जून सांगतो. १९४५ मध्ये डब्लिनला रिचर्ड टाफ नावाचे रत्नशास्त्रज्ञ जुने सुटे खडे तपासत होते. त्यातल्या एका फिकट जांभळट खड्याचे बाकी गुण स्पिनेलशी जुळत होते, पण भिंगातून त्यांना दुहेरी कडा दिसल्या. स्पिनेलमध्ये द्विअपवर्तन असूच शकत नाही. त्यांनी तो खडा लंडनच्या प्रयोगशाळेत बी. डब्ल्यू. अँडरसन यांच्याकडे पाठवला, आणि तो विज्ञानाला माहीतच नसलेला खनिज निघाला. आज आपण त्याला टाफाइट म्हणतो. नवं खनिज खडकात सापडण्याऐवजी आधी पैलू पाडलेल्या रत्नात सापडावं, असं तोवर झालं नव्हतं.

बेनिटोइटचा शोधही गैरसमजातूनच पुढे आला. १९०७ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सॅन बेनिटो नदीच्या उगमाकडच्या डोंगरात जेम्स काउच या खनिजांच्या शोधात फिरणाऱ्या माणसाला नॅट्रोलाइट या पांढऱ्या खनिजामध्ये रुतलेले निळे स्फटिक दिसले. ते नीलम असावेत, स्पिनेल असावेत, असे तर्क झाले. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भूवैज्ञानिक जॉर्ज लाउडरबॅक यांनी त्याच वर्षी ते तपासले आणि हे वेगळंच खनिज असल्याचं जाहीर करून त्याला त्या परिसराचं नाव दिलं. बेनिटोइटच्या स्फटिकांचा आकार पाहून स्फटिकशास्त्रज्ञांना झालेला आनंद मला अगदी समजतो. योहान हेसेल यांनी १८३० मध्ये गणिताने दाखवून दिलं होतं की स्फटिकांच्या सममितीचे ३२ च वर्ग असू शकतात. त्यातल्या एका त्रिकोणी वर्गाचा निसर्गात एकही नमुना मिळाला नव्हता. कागदावरची ती रिकामी जागा बेनिटोइटने भरली. रत्न म्हणून कापता येईल असा माल मात्र आजही जवळजवळ सगळा त्या एकाच भागातून आलेला आहे, आणि पैलू पाडलेले बहुतेक खडे एक कॅरटच्या आतले असतात. १९८५ पासून ते कॅलिफोर्नियाचं राज्यरत्न आहे.

पण आपल्या टेबलावरच्या खड्याचा निकाल एका चाचणीवर लावायचा नाही. पुढे जाऊ.

डायक्रोस्कोप ही छोटी नळी. तिच्यात कॅल्साइटचा तुकडा बसवलेला असतो आणि तो खड्यातून आलेल्या दोन किरणांना शेजारी शेजारी दोन चौकटींत दाखवतो. नीलमात एका चौकटीत जांभळट निळा आणि दुसरीत हिरवट निळा दिसतो. आपल्या खड्यात एक चौकट निळी आहे आणि दुसरी जवळजवळ पाण्यासारखी रंगहीन. सगळा निळा रंग एकट्या एका किरणाने उचललाय. म्हणूनच बेनिटोइट कापणाऱ्याला स्फटिकाची दिशा बघावी लागते. टेबल अक्षाला काटकोनात काढलं, तर वरून पाहणाऱ्याला फिकट, निस्तेज खडा दिसेल. टेबल अक्षाला समांतर ठेवलं तरच निळाई समोर येते. नीलमात नेमकं उलट असतं, तिथे अक्षाच्या दिशेने पाहिल्यावर निळा अधिक देखणा दिसतो.

खडा हलवला की इंद्रधनुषी ठिणग्याही उडतात. पांढरा प्रकाश रंगांत फुटण्याचा, म्हणजे अपस्करणाचा, बेनिटोइटचा आकडा ०.०४४ आहे, हिऱ्याएवढाच; नीलमाचा ०.०१८. रंग गडद असेल तर या ठिणग्या झाकल्या जातात, म्हणून मी त्यांना दुय्यम मानतो.

आता खोली अंधारी करून अतिनील दिवा लावायचा. ३६५ नॅनोमीटरच्या लांब तरंगाखाली खडा सहसा गप्प बसतो. २५४ नॅनोमीटरचा लघुतरंग दिवा लावला, की तो आतून पेटल्यासारखा प्रखर निळा दिसतो. ही चमक त्याच्या रचनेतल्या टायटॅनियम आणि ऑक्सिजनच्या गटातून येते. दृश्य इतकं देखणं असतं की पाहणाऱ्याला वाटतं, झालं, ओळख पटली. इथे सावध राहावं. प्रयोगशाळेत ज्वालेत वितळवून बनवलेला कृत्रिम निळा नीलमही लघुतरंगाखाली खडूसारखा निळसर-हिरवट उजळतो. तापवलेले काही नैसर्गिक नीलमसुद्धा तसं करतात. त्यांची चमक मंद आणि दुधाळ असते हे खरं. पण अंधारात, तुलनेला शेजारी दुसरा खडा नसताना, प्रखर आणि मंद यातला फरक करणं वाटतं तितकं सोपं नाही. ही चाचणी पाठिंबा देते, एकटीने निकाल देत नाही. (डोळ्यांवर अतिनील किरण थेट येऊ देऊ नयेत, चष्मा वापरावा. लघुतरंग डोळ्यांना खरोखर इजा करतो.)

मग वजन. खडा आधी हवेत तोलायचा, नंतर पाण्यात बुडवून. हवेतलं वजन भागिले घटलेलं वजन म्हणजे विशिष्ट गुरुत्व. आपला खडा हवेत ०.७३६ कॅरट, पाण्यात ०.५३६ कॅरट. घट ०.२०० कॅरट, भागाकार ३.६८. नीलमाचा आकडा ४.०० येतो. हा फरक भरपूर आहे, पण खडा लहान होत गेला की तो हातातून निसटतो. खडा ०.३० कॅरटचा असेल तर पाण्यातली घट जेमतेम ०.०८२ कॅरट. त्यात तराजूची चूक ०.००५ कॅरट, म्हणजे एक मिलिग्रॅम धरली, तर उत्तर ३.४५ पासून ३.९० पर्यंत कुठेही जाऊ शकतं. खड्याला चिकटलेला हवेचा एक बुडबुडासुद्धा तेवढी चूक सहज करतो. पाण्यात साबणाचा अगदी थोडा अंश घातला की बुडबुडे सुटतात.

इथवर आल्यावर मला खात्री झालेली असते. मग वर्णपट कशाला घ्यायचा? कारण खडा असा सुटा, निवांत, सपाट टेबलासह हाती येईलच असं नाही. तो अंगठीत जडवलेला असेल तर पाण्यात तोलता येत नाही. कोंदण उंच असेल तर रिफ्रॅक्टोमीटरवर टेकत नाही. खडा घुमटाकार असेल, कच्चा असेल, तांदळाच्या दाण्याहून लहान असेल. अशा वेळी खड्याला न हलवता, न दुखावता प्रश्न विचारायची सोय वर्णपटमापनात आहे.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे हातात धरायचा स्पेक्ट्रोस्कोप. खड्यातून आलेला पांढरा प्रकाश तो इंद्रधनुष्यात पसरवतो आणि खड्याने जे रंग गिळले असतील तिथे काळे पट्टे दिसतात. लोह असलेल्या नीलमात ४५० नॅनोमीटरला, निळ्या भागात, एक पट्टा ठळक असतो, जोडीला ४६० आणि ४७० ला फिके पट्टे. कोबाल्टने रंगवलेल्या काचेत आणि कृत्रिम स्पिनेलमध्ये हिरव्यापासून नारिंगीपर्यंत तीन रुंद पट्टे दिसतात. बेनिटोइट इथे तोंड उघडत नाही. त्याच्यात ओळख पटवणारी अशी एकही रेघ नाही. ४५० चा पट्टा दिसला नाही म्हणजे नीलम नाही, असंही म्हणता येत नाही, कारण लोह कमी असलेल्या नीलमात तो पट्टा दिसत नाही इतका फिका असतो. नसण्यावरून काढलेला निष्कर्ष पोकळ असतो.

खरी वाचा फुटते ती रामन वर्णपटात. १९२८ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी दाखवलं की पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा अंश रंग बदलून येतो. एकाच रंगाचा लेसर खड्यावर पाडला, तर जवळजवळ सगळा प्रकाश त्याच रंगाचा परत येतो. कोट्यवधी कणांतला एखादाच आतल्या अणूंच्या थरथरण्याला थोडी ऊर्जा देऊन येतो. प्रत्येक बंधाची थरथर ठरावीक, म्हणून किती ऊर्जा गेली यावरून आत कोणते बंध आहेत ते कळतं. रंग देणारा लोह-टायटॅनियमचा अंश सोडला, तर नीलमात फक्त ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन असतात. त्याचं सर्वांत उंच शिखर ४१८ प्रति सेंटीमीटरच्या आसपास येतं. बेनिटोइट मात्र बेरियम, टायटॅनियम आणि सिलिकॉनचं संयुग आहे. त्यात सिलिकॉनचे तीन अणू ऑक्सिजनच्या पुलांनी जोडून एक छोटं कडं बनवतात. विल्यम झकारियासेन यांनी १९३० मध्ये क्ष-किरणांनी ही रचना उलगडली. त्या कड्याच्या थरथरण्यातून उठणारी शिखरं नीलमात असायचं काही कारणच नाही. खडा फिरवला की शिखरांची उंची बदलते, जागा बदलत नाही. म्हणून संदर्भसंग्रहातल्या वर्णपटाशी जुळवताना उंचीपेक्षा जागांवर भर द्यायचा. कोंदणाला हातही न लावता अर्ध्या मिनिटात हा निकाल मिळतो, आणि मला विचाराल तर या सगळ्या चाचण्यांत याच्याइतकं थेट उत्तर दुसरी कुठलीच देत नाही.

क्ष-किरण प्रतिदीप्ती वेगळा प्रश्न विचारते: आत कोणती मूलद्रव्यं आहेत? क्ष-किरणांचा मारा झाला की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण बाहेर टाकतं; त्यांना रेषा म्हणतात आणि के, एल, गॅमा अशा नावांनी ओळखतात. बेनिटोइटच्या वजनाचा तिसरा हिस्सा बेरियम, त्यामुळे इथे काम सोपं असायला हवं. पण निसर्गाने एक विलक्षण योगायोग करून ठेवलाय. बेरियमची मुख्य एल रेषा ४.४७ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला येते आणि टायटॅनियमची मुख्य के रेषा ४.५१ ला. नेहमीच्या शोधकाला एवढं बारीक अंतर वेगळं करता येत नाही; दोन्ही शिखरं मिसळून एकच जाड ढीग दिसतो. सॉफ्टवेअर कधी तो सगळा टायटॅनियमच्या खात्यावर टाकतं, कधी बेरियमच्या. ज्या दोन मूलद्रव्यांवरून हा खडा ओळखायचा, नेमकी तीच दोन एकमेकांमागे लपतात.

यातून वाट आहे. बेरियमची गॅमा रेषा ५.५३ ला येते, तिथे टायटॅनियमचं काही नसतं. ती दिसली की बेरियम नक्की. यंत्राची नळी ५० किलोव्होल्टपर्यंत चालत असेल, तर बेरियमची के रेषा ३२.२ ला स्वच्छ, एकटी उभी दिसते. बेरियम किती ते एकदा कळलं की त्याच्या वाट्याचा भाग त्या ढिगातून वजा करायचा. उरतो तो टायटॅनियम. आपल्या खड्यात ॲल्युमिनियमचं ठळक शिखर नाही, सिलिकॉन आहे, ३२.२ ला बेरियम उभा आहे. नीलमाचा दावा इथे संपतो.

आता पुडी. जुना शब्द खोडून तिच्यावर लिहायचं: बेनिटोइट, ०.७३६ कॅरट, १.७५७–१.८०४, विशिष्ट गुरुत्व ३.६८. आणि हा खडा नीलमांच्या डबीत परत ठेवायचा नाही. नीलमाची कठीणता ९ आहे, याची ६ ते ६.५. साध्या धुळीतल्या वाळूचा कणसुद्धा, कठीणता ७, याच्या पैलूवर ओरखडा उमटवू शकतो. याला वेगळी पुडी, आत मऊ कापड, आणि पुसायच्या आधी फुंकर.